घरच्या टाकीत नॉटिलस

नॉटिलस हा शीर्षपाद वर्गातला, म्हणजे माकूळ आणि अष्टपाद यांच्या गोतातला सागरी प्राणी. या गोतात खरे बाह्य कवच अजून वागवणारा तो एकटाच उरला आहे. पूर्ण वाढ झालेल्या नॉटिलसचे कवच जातीप्रमाणे साधारण १६ ते २० सेंटिमीटर व्यासाचे असते. पांढऱ्या पृष्ठभागावर तांबूस-तपकिरी पट्टे असतात आणि आतून मोत्याची चकाकी असते. प्राणी स्वतः कवचाच्या सर्वांत बाहेरच्या, मोठ्या कप्प्यात राहतो. त्याच्या मागचे तीसेक कप्पे पडद्यांनी एकमेकांपासून वेगळे झालेले असतात. तोंडाभोवती नव्वदच्या आसपास शुंडके असतात. त्यांना माकुळासारखे चूषक नसतात, ती आपल्या खरखरीत पृष्ठभागाने पकड घेतात. डोळ्याला भिंग नसते, फक्त एक बारीक छिद्र असते आणि त्यातून समुद्राचे पाणी थेट आत जाते. त्यामुळे या प्राण्याला दिसते अंधूक, पण वास मात्र फार दूरवरून येतो.

पूजेतल्या शाळिग्रामावर ज्या अमोनाइटचा ठसा असतो, त्याचा नॉटिलस हा जिवंत वंशज आहे असा समज सर्रास आढळतो. दोन्ही कवचांची वळणे सारखी असल्याने तसे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात अमोनाइट माकुळाच्या शाखेला अधिक जवळचे होते. नॉटिलसचा वंश त्याहून जुन्या, सुमारे पन्नास कोटी वर्षांमागे सुरू झालेल्या फांदीवरचा आहे.

या प्राण्यांचा प्रदेश म्हणजे पश्चिम प्रशांत महासागर आणि हिंदी महासागराचा त्याला लागून असलेला भाग. फिलिपिन्स, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया या भागांत पॉम्पिलियस ही जाती पसरलेली आहे. न्यू कॅलेडोनियाची मॅक्रोम्फॅलस आणि पलाऊची बेलाउएन्सिस या आपापल्या बेटांपुरत्या राहतात. २०२३ मध्ये फिजी, सामोआ आणि वानुआतू इथल्या नॉटिलसांना स्वतंत्र जातींचा दर्जा देण्यात आला. पापुआ न्यू गिनीच्या पाण्यात ॲलोनॉटिलस नावाची वेगळीच, कवचावर केसाळ आवरण असलेली प्रजाती आहे. हौशी बाजारात जिवंत येणारे नॉटिलस मात्र जवळजवळ सगळे पॉम्पिलियस जातीचे असतात. प्रवाळभित्तींच्या उताराला खोलवर आमिषाचे सापळे लावून त्यांना वर ओढले जाते. फिलिपिन्समध्ये बांबूच्या अशा सापळ्याला ‘बुबो’ म्हणतात.

पाळण्याच्या दृष्टीने या प्राण्याची खोली ही पहिली गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नॉटिलस साधारण १०० ते ७०० मीटर खोलीत वावरतो. १९८४ मध्ये पलाऊ इथे कवचांवर ध्वनिप्रक्षेपक बसवून केलेल्या मागोव्यात तो दिवसा खोल पाण्यात असतो आणि रात्री उताराने वर येतो, असे दिसले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या ऑस्प्रे भित्तीवर झालेल्या अभ्यासात हा नेम तितका काटेकोर नसल्याचे आढळले. काही प्राणी दिवसा तळाशी निवांत राहतात, काही अन्नाच्या शोधात खाली-वर करत राहतात. सुमारे ८०० मीटरच्या खाली पाण्याच्या दाबाने कवच आतल्या बाजूला चिरडते आणि प्राणी मरतो.

एवढ्या खोलीतला प्राणी काचेच्या टाकीत दाबाशिवाय जगेल कसा, हा प्रश्न कुणालाही पडतो. त्याचे उत्तर कवचाच्या रचनेत आहे. नवा कप्पा तयार होतो तेव्हा तो द्रवाने भरलेला असतो. सगळ्या कप्प्यांमधून एक जिवंत नलिका जाते. ती या द्रवातले क्षार शोषून घेते, क्षारांमागोमाग पाणी बाहेर पडते आणि रिकाम्या जागेत हळूहळू वायू झिरपतो. १९६६ मध्ये डेंटन आणि गिल्पिन-ब्राउन यांनी ही यंत्रणा तपशिलाने मांडली. हा वायू दाबून भरलेला नसतो, उलट त्याचा दाब वातावरणाच्या दाबाहूनही थोडा कमीच असतो. खोल पाण्यातला मासा झटकन वर आणला की त्याचा वाताशय फुगून फुटतो. नॉटिलसच्या बाबतीत असे काही घडत नाही. त्याला धोका असतो तो खाली जाण्यात. म्हणून साध्या टाकीतही तो जगू शकतो, आणि दाबयुक्त टाकी त्याला लागतच नाही.

दाबाचा प्रश्न असा सुटतो, पण तापमानाचा सुटत नाही. २५ अंश सेल्सिअसच्या वरच्या पाण्यात नॉटिलस फार काळ तग धरत नाही. अनुभवी पाळणारे पाणी १४ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवतात. सापळा वर ओढताना प्राणी पृष्ठभागाजवळच्या उबदार पाण्यातून येतो आणि पुढे विमानप्रवासात, गोदामात, दुकानात पुन्हा पुन्हा तापतो. दुकानात नुसता गाळात पडून राहिलेला, शुंडके ढिली सोडलेला नॉटिलस बहुतेक वेळा या प्रवासातच खचलेला असतो. असा प्राणी घरी आणून थंड पाण्यात सोडला तरी काही आठवड्यांत मरतो, आणि मालक स्वतःच्या टाकीला दोष देत बसतो.

टाकीसाठी पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, अपरिहार्य आहे. समशीतोष्ण देशातल्या तळघरात तो अधूनमधून चालला तरी भागते. मुंबई-पुण्यासारख्या हवेत मे महिन्यात खोलीचे तापमान तिशीच्या वर जाते. तिथे खोली आणि पाणी यांच्यात पंधरा अंशांहून जास्त फरक सतत राखायचा म्हणजे यंत्र जवळजवळ अखंड चालते. ते जी उष्णता टाकीतून काढते तीच त्या खोलीत सोडते, हेही ध्यानात घ्यावे लागते. एवढ्या फरकात साध्या काचेवर बाहेरून दव धरते आणि आतले काही दिसत नाही. म्हणून जाड ॲक्रिलिकची टाकी बरी पडते, कारण ॲक्रिलिकमधून उष्णता काचेपेक्षा कमी झिरपते. नळ्यांनाही उष्णतारोधक वेष्टन लागते. वीज काही तास गेली तर पाणी किती तापेल याचा हिशेब आधीच करून ठेवणे आणि जनित्र किंवा बॅटरीची सोय असणे हा या छंदातला ऐच्छिक भाग नाही.

टाकीचा आकार हा वादाचा विषय आहे. एका प्राण्यासाठी ४०० लिटरच्या आसपास पाणी असावे असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. उंची लांबीइतकीच महत्त्वाची असते, कारण हा प्राणी वर-खाली फिरणारा आहे. नॉटिलस आपल्या नरसाळ्यातून पाण्याचा झोत सोडून पोहतो आणि बहुतेक वेळा पाठमोरा जातो. पुढे काय आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून तो भिंतींना धडकत राहतो. टोकदार खडक, उघडे पंप आणि नळ्यांची तोंडे त्याच्या वाटेतून दूर ठेवावी लागतात. सजावट म्हणून काही ठेवायचेच असेल तर एखादी सपाट, उभी दगडी फळी पुरे, कारण दिवसा तिला शुंडकांनी चिकटून तो तासन्‌तास स्वस्थ बसतो. प्रवाळांनी भरलेल्या रंगीत टाकीची अपेक्षा धरणाऱ्याने या प्राण्याच्या वाटेला जाऊ नये. त्याची टाकी ओकीबोकीच असते, आणि तशीच असायला हवी.

पाण्याची क्षारता समुद्राइतकी, म्हणजे दर हजारी ३५ भागांच्या आसपास, आणि सामू ८.१ ते ८.४ राखला जातो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावे लागतात. मांसाहारी असल्याने नॉटिलस पाणी घाण करतो, म्हणून टाकीच्या मानाने मोठे प्रोटीन स्किमर आणि भरपूर जैविक गाळणी लागते. इथे थंड पाण्याचा एक गुंता आहे, जो उष्ण पाण्यात मासे पाळणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू पंधरा अंशांना फार सावकाश वाढतात. टाकी ‘तयार’ व्हायला पंचवीस अंशांना जेवढा वेळ लागतो त्याच्या कित्येक पट वेळ इथे द्यावा लागतो. गाळणी पूर्ण पिकण्याआधी प्राणी सोडणे हे नॉटिलस मरण्याचे एक ठरलेले कारण आहे.

तांबे हे दुसरे. शीर्षपादांचे रक्त निळसर असते, कारण त्यात प्राणवायू वाहून नेणाऱ्या रेणूत तांबे असते. तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्यांना विषासारखे बाधते. माशांच्या त्वचारोगांवरची तांबेयुक्त औषधे, पितळी जोडण्या आणि पूर्वी अशा औषधांसाठी वापरलेली टाकी, तिन्ही टाळावी लागतात.

प्रकाश मंद हवा. खोल पाण्यात जेमतेम निळसर उजेड पोचतो, तेवढाच टाकीत पुरेसा असतो. रात्री निरीक्षणासाठी मंद लाल दिवा लावतात. काही सार्वजनिक मत्स्यालयांनी याच कारणाने नॉटिलसची दालने इतकी काळोखी ठेवली आहेत, की प्रेक्षकाला डोळे सरावेपर्यंत टाकी रिकामीच वाटते. सोबतीला मासे ठेवणे धोक्याचे असते. ट्रिगरफिशसारखे मासे दिवसा उघड्यावर सापडलेल्या नॉटिलसवर निसर्गातही तुटून पडतात. शांत स्वभावाचा मासादेखील टाकीत कंटाळून त्याची शुंडके किंवा उघडा डोळा टोचू लागतो. एका टाकीत दोन-तीन नॉटिलस मात्र सहसा गुण्यागोविंदाने राहतात, फक्त खाद्य एकाच जागी पडले तर ओढाताण होते.

खाद्याची बाजू बरीच सोपी आहे. निसर्गात नॉटिलस खेकडे, शंखवासी खेकडे आणि मेलेले मासे खातो. शेवंडांनी टाकलेल्या कातीही तो आवडीने खातो. टाकीत कवचासकट कोळंबी, खेकड्याचे तुकडे आणि माशाचे डोके दिले की तो आनंदाने घेतो. कोळंबी सोलून देणे ही चूक ठरते, कारण कवच वाढवायला लागणारा चुना त्याला अन्नातल्या कवचांमधूनही मिळतो. आठवड्यातून दोन-तीनदा खाद्य पुरते. चयापचय मंद असते आणि अन्न साठवायला मोठी पिशवी असते, त्यामुळे रोज खाऊ घातल्याने प्राणी सुधारत नाही, पाणी मात्र बिघडते. तुकडा लांब चिमट्याने शुंडकांजवळ धरला की प्राणी आधी वासाने जागा होतो, मग शुंडके पसरून चाचपडतो आणि शेवटी पोपटाच्या चोचीसारख्या जबड्याने त्याचे तुकडे करतो.

पाळणाऱ्यांना अनेकदा वाटते की नॉटिलस आपल्याला ओळखतो. त्यातले खरे-खोटे तपासण्याइतपत प्रयोग झाले आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजमधल्या रॉबिन क्रुक आणि जेनिफर बेझिल यांनी २००८ मध्ये नॉटिलसना निळ्या प्रकाशाच्या झोताबरोबर खाद्य द्यायला सुरुवात केली. पुढे नुसता प्रकाश दाखवला तरी त्यांची शुंडके बाहेर येऊ लागली. ही आठवण तासाभरात पुसट होई आणि काही तासांनी पुन्हा उमटे. चोवीस तासांपर्यंत ती टिकलेली आढळली. माकूळ आणि अष्टपाद यांच्या मेंदूत आठवणीसाठी जे खास भाग असतात ते नॉटिलसमध्ये नसताना हे घडते, हे त्यातले विशेष. मालकाला ओळखण्याचा पुरावा त्यातून मिळत नाही, पण खाद्याच्या वेळी लागणारा दिवा किंवा टाकीचे झाकण उघडताना होणारे कंपन तो शिकतो, एवढे नक्की.

टाकीतल्या आजारांत सर्वांत जास्त दिसणारा प्रश्न तरंगण्याचा. प्राणी पाण्याबाहेर उचलला गेला की कवचाच्या तोंडाशी हवा अडकते आणि तो पृष्ठभागाला चिकटून राहतो. अशा वेळी त्याला पाण्याखालीच हळुवार धरून तोंड वरच्या बाजूला येईल असे वळवतात, म्हणजे बुडबुडे सुटतात. म्हणूनच नॉटिलसला हलवायचे तर पाण्याने भरलेल्या भांड्यातून हलवतात, जाळीने कधीच नाही. दुसऱ्या प्रकारचे तरंगणे अधिक चिवट असते. धडकून कवचाची कड तुटली की तेवढे वजन कमी होते आणि प्राणी हलका पडतो. अशा वेळी नॉटिलस कप्प्यांमध्ये पुन्हा द्रव भरून तोल सावरू शकतो, पण हे काम दिवसांचे असते, तासांचे नव्हे. तोवर तो वर अडकला तर त्याची उपासमार होते.

कवचाची वाढ हा बंदिवासाचा उघड पुरावा आहे. पकडलेल्या दिवसापर्यंतचे कवच गुळगुळीत आणि पट्टेदार असते. त्यापुढे बहुधा एक काळसर रेघ उमटते आणि नंतरची वाढ जाड, ओबडधोबड किंवा वाकडी होते. त्या रेघेवरून प्राणी कधी पकडला गेला हे अनुभवी माणसाला सांगता येते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मत्स्यालयांत वाढलेली अशी कवचे रासायनिक पद्धतीने तपासली तेव्हा काळ्या भागाची घडणच निरोगी कवचापेक्षा वेगळी निघाली. आहार, पाण्यातली मूलद्रव्ये आणि धडकांमुळे होणारी इजा यांतले नेमके काय कारणीभूत आहे याबद्दल पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. तिन्हींचा थोडाथोडा वाटा असावा, असे मानणेच जास्त सयुक्तिक वाटते.

नॉटिलस चिवट आहे यात शंका नाही. १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार प्राणवायू फार कमी झाला तर तो चयापचय अगदी मंद करतो आणि कप्प्यांमधल्या वायूतला प्राणवायूही वापरतो. या चिवटपणामुळेच घरच्या टाकीचे यश मोजताना फसगत होते. वर्षभर जगलेला नॉटिलस ही हौशी माणसाला मोठी कमाई वाटते. पण ऑस्प्रे भित्तीवरच्या प्राण्यांना खुणा लावून केलेल्या अभ्यासात ते पंधराएक वर्षांनी वयात येतात आणि वीस वर्षांहून अधिक जगतात, असे दिसले. माकूळ आणि अष्टपाद बहुधा एक-दोन वर्षांत आयुष्य संपवतात, त्या मानाने हे आयुष्य फारच लांब. म्हणजे टाकीतले ते एक वर्ष त्याच्या जगण्याचा लहानसा तुकडा असते, आणि बहुतेक वेळा शेवटचा.

पैदाशीची कहाणी हेच दाखवते. नॉटिलसची अंडी शोधण्यासाठी इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ आर्थर विली १८९४ ते १८९७ या काळात प्रशांत महासागरातल्या बेटांवर फिरले. पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्यांनी त्यांना अंडी घालून दिली, पण गर्भ काही मिळाला नाही. जिवंत गर्भाची पहिली निरीक्षणे १९८६ मध्ये आर्नल्ड आणि कार्लसन यांनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर होनोलुलूच्या वायकिकी मत्स्यालयात बेलाउएन्सिस जातीची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. मादी एका वेळी एकच अंडे घालते आणि ते कठीण पृष्ठभागाला चिकटवते. वर्षभरात अशी दहा-वीस अंडी होतात. अंडे सुमारे तीन-चार सेंटिमीटर लांब, दुहेरी वेष्टनाचे असते, आणि ते उबायला जवळपास वर्ष लागते.

यातही तापमानाची गंमत आहे. मोठ्या नॉटिलसला जे पाणी सोसत नाही त्याच्या जवळपासचे, म्हणजे २२ ते २५ अंशांचे पाणी अंड्यांना मानवते. निसर्गातल्या नॉटिलसच्या कवचाच्या अगदी आतल्या वळणांतली ऑक्सिजनची समस्थानिके तपासली तेव्हाही हाच आकडा मिळाला. याचा अर्थ अंडी उताराच्या वरच्या, उबदार पट्ट्यात घातली जातात आणि पिल्ले बाहेर पडल्यावर खोल, थंड पाण्यात उतरतात. पिल्लाचे कवच जन्मताच सुमारे २५ मिलिमीटरचे असते आणि त्यात साताच्या आसपास कप्पे तयार असतात. मत्स्यालयांत ही पिल्ले काही काळ जगवता आली. त्यांना वाढवून, वयात आणून, त्यांच्यापासून पुन्हा पिल्ले मिळवण्याचे चक्र मात्र कुणालाच पूर्ण करता आलेले नाही. त्यामुळे बाजारातला प्रत्येक जिवंत नॉटिलस समुद्रातून उचललेलाच असतो. ‘टाकीत पैदास केलेला’ असे सांगून विकला जाणारा प्राणी संशयानेच पाहावा.

समुद्रातून किती उचलले जातात याचा विचार केला तर जिवंत प्राण्यांचा व्यापार कवचांच्या व्यापारापुढे नगण्य आहे. कपाटात ठेवायला, दागिन्यांसाठी आणि शिंपल्यांच्या जडावकामासाठी नॉटिलसला फार मागणी राहिली. फिलिपिन्सच्या तान्योन सामुद्रधुनीतली त्याची मासेमारी १९८० च्या दशकात कोसळली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाण्याखाली आमिषासह कॅमेरे सोडून वेगवेगळ्या ठिकाणच्या नॉटिलसांची गणती केली गेली. मासेमारी झालेल्या फिलिपिन्सच्या बोहोल भागात ते ऑस्ट्रेलिया, फिजी आणि अमेरिकन सामोआपेक्षा कितीतरी विरळ आढळले. उशिरा वयात येणारा आणि वर्षाला मोजकी अंडी घालणारा प्राणी अशा धक्क्यातून लवकर सावरत नाही. सापळ्यात जास्त करून नर येतात, पण वयात आलेला एकेक प्राणी तयार व्हायला दीड दशक लागते, तेव्हा त्यातून फारसा दिलासा मिळत नाही.

२०१६ मध्ये जोहान्सबर्ग इथे झालेल्या साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिषदेत नॉटिलसचे सगळे कूळ दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आले. हा प्रस्ताव फिजी, पलाऊ आणि अमेरिका यांच्यासह भारतानेही मांडला होता. २ जानेवारी २०१७ पासून तो लागू झाला. तेव्हापासून जिवंत प्राणी असो वा कवच, देशाबाहेर पाठवायला निर्यातदार देशाचा परवाना लागतो, आणि पकडीमुळे जातीला धोका नसल्याची खात्री त्या देशाला द्यावी लागते. अमेरिकेने २०१८ मध्ये पॉम्पिलियस ही जाती आपल्या कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून नोंदवली.

भारतात बंधन त्याहून जुने आणि कडक आहे. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर नॉटिलसची कवचे वाहून येतात आणि पूर्वी ती पर्यटकांना सर्रास विकली जात. २००१ मध्ये काही मोजक्या शंख-शिंपल्यांबरोबर नॉटिलस पॉम्पिलियस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आला, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला मिळाले. त्याला पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, आणि त्याचे कवच बाळगणेही बेकायदा ठरते. त्यामुळे मुंबई, पुणे किंवा पणजीतल्या हौशी माणसाला घरी नॉटिलस ठेवण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध नाही. परदेशात राहणाऱ्याला तो ठेवायचा असेल तर विक्रेत्याकडून साइट्स परवान्याची प्रत मागून घेणे आणि प्राणी कुठल्या समुद्रातला, कधी पकडलेला, याची लेखी नोंद ठेवणे आवश्यक असते. ही कागदपत्रे दाखवू न शकणाऱ्या दुकानातला प्राणी कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.